इटलीत उतरायचं तर बंदरात

मे महिन्याच्या सुट्टीची बुकिंगं सुरू झाली की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत इटलीचे रंगीत कागद फिरायला लागतात. वर कोलोसियम, खाली गोंडोला, मधे हसरं चौकोनी कुटुंब. मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, सगळी उमेद जहाजांच्या इंजिनरूममध्ये खर्ची पडली, तेव्हा काकांना युरोप पाठ आहे असा एक समज आहे. त्यामुळे कागद फिरत फिरत माझ्याकडे येतो. "काका, जरा नजर टाका. काही राहून जात नाहीये ना?"

राहून काहीच जात नसतं. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, व्हॅटिकन, सगळं सात-आठ दिवसांत. मी पेन्सिल घेऊन कडेला किलोमीटर मांडतो. मिलान ते व्हेनिस पावणेतीनशेच्या आसपास, तिथून फ्लॉरेन्स अडीचशेच्या वर, मग पिसा, मग रोम साडेतीनशे. हजारएक किलोमीटर बसमध्ये. युरोपातल्या बसड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं. कायदा उत्तम आहे, पण ते थांबणं होतं हायवेवरच्या पेट्रोल पंपाशी. म्हणजे अख्ख्या सहलीत निवांतपणे पाहिलेली जागा कुठली, तर पेट्रोल पंप.

माझं मत उलट आहे, आणि कागद परत देताना ते मी ऐकवतोच. दोन आठवडे हाताशी असतील तर लांब मुक्कामाची दोनच गावं ठेवा, आणि दोन्ही बंदरं असू द्या. नावं हवी असतील तर वर जिनोआ, खाली नेपल्स. नावं ऐकून चेहरे पडतात. जिनोआत आहे काय, हा पहिला प्रश्न. नेपल्समध्ये खिसे कापतात ना, हा दुसरा. आणि तिसरा, खरा प्रश्न कुणी उघडपणे विचारत नाही: परत आल्यावर लोकांना सांगायचं काय?

हे शेवटचं दुखणं मला कळतं. माणशी नुसत्या व्हिसाची फी 90 युरो, वर विमान, वर हॉटेलं. आयुष्यात एकदा होणारा खर्च आहे, तेव्हा मिळेल तेवढं पदरात पाडून घ्यावं असं वाटणारच. पण पदरात पडतं काय ते बघा. इटली हा एक देश झाला 1861 मध्ये. रोम त्याची राजधानी झाली त्यानंतर दहा वर्षांनी. त्याआधी व्हेनिस, जिनोआ, पिसा, अमाल्फी ही बंदरं आपापली आरमारं बाळगून होती, एकमेकांची गलबतं बुडवत होती. इटालियन जहाजाच्या झेंड्यावर आजही या चौघांची चिन्हं असतात. नौदलाच्या झेंड्यात व्हेनिसचा सिंह तलवार धरून असतो, व्यापारी जहाजाच्या झेंड्यात त्याच्या पंजाशी उघडं पुस्तक. ज्या देशाचा चेहराच समुद्राकडे आहे, त्याला मागच्या दाराने, हायवेवरून बघायला का जायचं?

दुसरं कारण जरा पोटाचं आहे. बंदराचं गाव तुमच्या-माझ्यावर जगत नाही. तिथला बार पहाटे उघडतो तो गोदीतल्या माणसांसाठी. काउंटरशी उभं राहून कॉफी प्यायची, नाणं ठेवायचं, निघायचं. तीच कॉफी टेबलाशी बसून घेतली की भाव वाढतो, आणि कोलोसियमसमोर बसून घेतली की विचारूच नका.

जिनोआला मिलानहून रेल्वेने दीड-दोन तासांत पोचता येतं. पियात्सा प्रिंचिपे स्टेशनातून बाहेर पडून उताराला लागलं की थोड्याच वेळात पाणी दिसतं. पश्चिमेला लॅन्टर्ना, इथला दीपस्तंभ. आत्ताचा मनोरा 1543 चा, 77 मीटर उंच, आणि अजून कामावर आहे. समोर जुनी गोदी. 1992 मध्ये कोलंबसच्या सफरीला पाचशे वर्षं झाली तेव्हा रेन्झो पियानो या इथल्याच वास्तुविशारदाने ती मोकळी करून गावाला परत दिली. त्याआधी गावात राहूनही पाण्यापर्यंत जाता येत नसे. मधे कुंपणं, गोदामं, कस्टम.

गोदीच्या मागे कारुज्जी, म्हणजे गल्ल्या. काही इतक्या अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात. पाण्याच्या कडेने सोत्तोरीपा नावाची जुनी कमानींची वाट आहे, तिथे फारिनाता विकणारी दुकानं आहेत. हे जरा सविस्तर सांगतो, कारण शाकाहारी मंडळींचा इटलीतला निम्मा जीव खाण्यातच अडकलेला असतो. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस. कल्हई केलेल्या तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ते पातळ पीठ ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. भट्टीवाला लांब दांड्याने परात फिरवत राहतो, म्हणजे एकीकडून करपत नाही. वरून खरपूस, आतून मऊ, वर मिरपूड. आपल्या बेसनाच्या धिरड्याचं हे जाडजूड, श्रीमंत भावंड. माझ्या बायकोने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "एवढ्यासाठी व्हिसा काढला?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच मला त्या दुकानाशी ओढत नेलं.

पेस्तोही इथलाच. त्यासाठीची तुळशीच्या जातीची बाझिल सगळ्यात नावाजलेली ती प्रा या उपनगरातली. गंमत म्हणजे प्रा म्हणजे कंटेनर टर्मिनल. खाली क्रेन, खोक्यांच्या राशी, डिझेलचा वास, आणि वर डोंगराच्या उतारावर बाझिलची काचघरं. आमचं जहाज तिथे लागलं की मला ती काचघरं डेकवरून दिसायची. पक्क्या शाकाहाऱ्यांना मात्र आधीच सांगतो: पेस्तोत पार्मेझान असतं, आणि पार्मेझान बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. चालतं की नाही ते घरीच ठरवून निघा, वेटरशी हुज्जत घालू नका.

बंदराच्या तोंडाशी पालाझ्झो सान जॉर्जो आहे, भिंतीवर रंगीत चित्रं काढलेला. आज त्यात पोर्ट अथॉरिटीचं ऑफिस आहे. मार्को पोलो जिनोआकरांच्या कैदेत होता तो याच वास्तूत, असं मानतात. कैदेतच त्याने आपला वृत्तांत सोबतच्या कैद्याला सांगून लिहवून घेतला. त्यात 'ताना'च्या राज्याची हकिगत आहे, म्हणजे आमचं ठाणं. इथून चामडं बाहेर जातं असं तो सांगतो, आणि इथल्या राजाचं समुद्री चाच्यांशी संगनमत आहे, लुटीतले घोडे तो स्वतःला ठेवून घेतो, अशी त्याची तक्रार आहे. सोसायटीच्या सभेत मी हे एकदा सांगून पाहिलं. पार्किंगच्या विषयापुढे ते टिकलं नाही.

तिथून जवळच व्हिया लोमेल्लिनीवर माझ्झिनीचं जन्मघर आहे, आता तिथे इटलीच्या स्वातंत्र्यलढ्याचं म्युझियम आहे. सावरकरांनी माझ्झिनीचं आत्मचरित्र मराठीत आणलं ते 1907 मध्ये. इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. सावरकर वाचलेली किती मंडळी दरवर्षी मिलानवरून व्हेनिसकडे वळतात, आणि हे घर दोन तासांच्या अंतरावर राहून जातं! कागदावर ते नसतं एवढंच कारण.

माझ्यासारख्याला खरी मेजवानी म्हणजे गालाता हे समुद्राचं म्युझियम. बाहेर पाण्यात नाझारियो साउरो ही इटालियन नौदलाची निवृत्त पाणबुडी बांधून ठेवली आहे, आत उतरता येतं. तिच्या इंजिनरूममध्ये डोकं वाकवून उभं राहिलं की कळतं, माणसं इथे महिना-महिना कशी राहत असतील. आत म्युझियमच्या वरच्या मजल्यावर अमेरिकेला गेलेल्या स्थलांतरितांचा विभाग आहे. लाखो गरीब इटालियन याच धक्क्यावरून गेले. बोटीवरची त्यांची निजायची दालनं उभी करून दाखवली आहेत. युरोप म्हणजे कायमचं सुबत्तेचं घर, असा आपला एक भाबडा समज असतो. तो या दालनात उतरतो.

जिनोआ चढउतारांचं आहे, तेव्हा गुडघ्यांची चौकशी आधी करा. गावात सार्वजनिक लिफ्ट आहेत, फ्युनिक्युलर आहेत. कास्तेल्लेत्तोच्या लिफ्टने वर गेलं की सगळी छपरं आणि बंदर खाली. चिंक्वे तेर्रे ही पाच गावं इथून रेल्वेने दिवसभरात करून येता येतात. तिथे मुक्काम करू नये असं माझं मत आहे. गावं टीचभर, माणसांचा लोंढा, आणि कोर्निलियाला स्टेशनापासून गावात चढायला साडेतीनशेहून जास्त पायऱ्या. सकाळी जा, वेर्नात्सा बघा, दुपारच्या गाडीने परत या.

क्रूझवाले म्हणतील, काका, आम्ही बंदरंच तर बघतो. नाही हो. क्रूझच्या कागदावर 'रोम' लिहिलेलं असतं तेव्हा जहाज लागतं चिव्हितावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लॉरेन्स नव्वदएक किलोमीटर. जहाज बंदरात आणतं आणि बस बंदरातून लगेच उचलून नेते. संध्याकाळी पाचला परत गँगवेवर हजर. एवढी धावपळ आम्ही पगार घेऊन करायचो.

व्हेनिसचं काय, हा प्रश्न येतोच. व्हेनिस हेही बंदरच आहे, पण राहून गेलेलं. जुन्या बेटावर राहणारी माणसं पन्नास हजारांच्या खाली आली. दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून ठरावीक दिवशी प्रवेश फी घ्यायला त्यांनी 25 एप्रिल 2024 पासून सुरुवात केली; बेटावर रात्र काढणाऱ्याला ती लागत नाही. यातच सगळं आलं. रात्र काढायची तयारी असेल तर जा, नाहीतर त्या गावाला माफ करा. मोठी क्रूझ जहाजं सान मार्कोसमोरून जायची, ती 2021 च्या ऑगस्टपासून बंद झाली. एवढं अजस्र धूड चारशे-पाचशे वर्षांच्या घरांच्या दारावरून न्यायची परवानगी इतकी वर्षं दिली कुणी, असा प्रश्न इंजिनिअर म्हणून मला कायम पडायचा. व्हेनिसच्या खाडीच्या तोंडाशी त्यांनी बसवलेलं मोसे हे बांधकाम मात्र दाद देण्यासारखं आहे. 78 पोकळ पोलादी झडपा समुद्राच्या तळाशी पाण्याने भरून पडलेल्या असतात. भरती वाढायला लागली की आत हवा सोडतात, पाणी बाहेर जातं, झडपा आपोआप वर उभ्या राहतात. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा खऱ्या भरतीला त्याने व्हेनिस कोरडं ठेवलं. टूर गाइड यातलं अवाक्षर सांगत नाहीत; त्यांना काचेच्या कारखान्यात जायची घाई असते.

जिनोआहून रोमकडे जाणारी इंटरसिटी किनाऱ्याने जाते, उजव्या हाताची खिडकी धरा. वाटेत पिसा लागतं. मनोरा ज्यांना हवाच आहे त्यांनी सामान स्टेशनात ठेवून अर्धा दिवस उतरावं. लोक हाताने टेकू देण्याचे फोटो काढतात, पण मनोरा खरा सावरला तो मातीने. 1990 मध्ये तो बंद केला आणि उत्तरेकडच्या, म्हणजे न कललेल्या बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून घेतली. मनोरा त्या बाजूला किंचित मागे बसला. 2001 मध्ये पुन्हा उघडला. टेकू देऊन नाही, पायाखालची माती काढून. हे ऐकलं की तो फोटो काढायला जरा संकोच वाटतो.

रोमला दोन रात्री पुरे. यावर लोक भांडतात, मी ऐकून घेतो.

रोम-नेपल्स फास्ट गाडी सव्वा तासात पोचवते. तरी माझा आग्रह असा, की एकदा जुन्या मार्गाने, कासिनोवरून जाणाऱ्या साध्या गाडीने जा आणि कासिनोला उतरा. वर डोंगरावर मठ आहे, 15 फेब्रुवारी 1944 च्या बॉम्बहल्ल्यात जमीनदोस्त झालेला आणि पुन्हा बांधलेला. खाली राष्ट्रकुलाची युद्धस्मशानभूमी. ज्या सैनिकांची कबर सापडलेली नाही त्यांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत, आणि त्यांत नाईक यशवंत घाडगे यांचं नाव आहे. मराठा लाइट इन्फन्ट्री, माणगावजवळच्या पळसगावचे. 10 जुलै 1944 ला वरच्या टायबर खोऱ्यात त्यांनी एकट्याने मशिनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावच्या त्यांच्या पुतळ्यावरून आपली एसटी रोज जाते. आपले किती लोक कासिनोवरून तीनशेच्या वेगाने निघून जातात, त्याची मोजदाद नाही.

आता नेपल्स. खिसे कापतात हे खरं आहे, पैसे पुढच्या खिशात ठेवा आणि विषय संपवा. पहिल्याच सकाळी पुरातत्त्व म्युझियममध्ये जा. पॉम्पेईतलं उत्तमोत्तम सगळं इथे आहे. त्यात 'गुप्त दालन' म्हणून एक खोली आहे, त्या खोलीत वीतभर उंचीची एक हस्तिदंती बाई उभी आहे. 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडली. गळ्यात हार, हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जाड वाळे, कमरेला मेखला आणि बाकी काही नाही. दोन्ही बाजूंना छोट्या दासी. डोक्यापासून खाली आरपार भोक आहे, म्हणजे कशाचीतरी मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावा. म्युझियमवाले तिला लक्ष्मी म्हणतात. ती यक्षिणी असावी असं अनेक अभ्यासकांचं मत. अशाच हस्तिदंती मूर्ती सापडल्या कुठे, तर आपल्या भोकरदनला आणि तेरला. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसने पॉम्पेई गाडलं, त्याआधीच दख्खनची ही बाई समुद्र ओलांडून तिथे पोचली होती. पण दालनात आजूबाजूला रोमन लोकांचा शृंगारिक माल मांडलेला आहे, तेव्हा लक्ष्मीचं दर्शन म्हणून आजी-आजोबांना थेट आत नेऊ नका, तारांबळ होते.

ती आली असेल त्या वाटेचं रोमन बंदर अजून आहे. नेपल्सहून लोकल गाडीने पोत्सुओलीला जा. हिंदुस्थानचा माल तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला आणि तिथून इथे यायचा. गावाच्या मधोमध जुन्या रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. त्यांच्यावर डोक्याच्या बऱ्याच वर एक काळपट पट्टा दिसतो. जवळून बघितलं तर बारीक भोकांचा. दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी केलेली ती भोकं. म्हणजे हे खांब जागच्या जागी समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले. लायेल या भूशास्त्रज्ञाने 1830 मध्ये आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला याच खांबांचं चित्र घातलं. जमीन अजूनही वर येते आहे, इतकी की तिथल्या लहान धक्क्यातली पाण्याची खोली गेली, होड्या टेकल्या. 2024 आणि 2025 मध्ये भूकंपाचे चांगलेच धक्के बसले, तेव्हा मुक्काम नेपल्समध्ये आणि पोत्सुओली दुपारपुरतं.

पॉम्पेईला दिवसाला वीस हजारांची मर्यादा घातली आहे, यावरून गर्दीची कल्पना करा. सावली नाही, दगडी रस्ते उंचसखल. साठीच्या पुढच्यांना मी एर्कोलानो सुचवतो. लहान आहे, पॉम्पेईला जाणाऱ्याच लोकलवर आहे, आणि तिथे घरांचे वरचे मजले, जळून कोळसा झालेले लाकडी वासे आणि दारं जागेवर उभी आहेत. दोन तासांत होतं आणि डोक्यात राहतं.

जेवणाचं सांगायचं तर पिझ्झा मारिनारा मागवा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज नाहीच, त्यामुळे रेनेटचा प्रश्नही नाही. बेटावर जायचं असेल तर मोलो बेवेरेल्लोवरून सगळं जग काप्रीच्या बोटीत चढतं, तुम्ही प्रोचिदाच्या बोटीत चढा. मच्छीमारांचं बेट आहे, काप्रीहून स्वस्त आहे, आणि कोरिचेल्लाच्या धक्क्यावर गाड्यांना वाटच नाही.

ज्यांची इटली एकदा झालेली आहे त्यांना मी त्रिएस्ते आणि ब्रिंदिसी सांगतो. त्रिएस्तेचा मुख्य चौक एका बाजूने सरळ समुद्राला उघडा आहे, आणि बोरा वारा सुटला की माणसं उडतात. ब्रिंदिसीत बघण्यासारखं थोडंच, पण 1870 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनहून मुंबईची टपाल रेल्वेने इथे येऊन बोटीवर चढत होती. गोलमेज परिषद आटोपून गांधीजी परत निघाले तेही डिसेंबर 1931 मध्ये इथूनच, 'पिल्स्ना' बोटीने.

वेळ म्हणाल तर आपली मेची सुट्टी इटलीला उत्तम. ऑगस्टमध्ये इटालियन स्वतःच दुकानं बंद करून समुद्रावर जातात. दिवाळीत जिनोआला पाऊस झोडपतो. 2011 आणि 2014 चे तिथले पूर शरद ऋतूतलेच. विमानाचं तिकीट काढताना मिलानला उतरा आणि नेपल्स करून रोमहून परत या. उलट केलंत तर नेपल्सच्या गोंगाटानंतर जिनोआ तुम्हाला अबोल आणि चिक्कू वाटेल, आणि कागद घेऊन तुम्ही भांडायला माझ्याकडेच याल.